क्लास न लावता वाद्य शिकायचंय, फक्त स्वतःच्या मजेसाठी

अंबडची_शिफ्ट

नमस्कार मंडळी,

वय पंचेचाळीसच्या पुढे. अंबडला कारखान्यात नोकरी, पाळी फिरती. त्यामुळे 'दर मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सहा' असला क्लास मला जमणं शक्य नाही. स्टेजवर जायचं नाही, परीक्षा द्यायची नाही, रील टाकायची नाही. जुनी भावगीतं, दोन-चार अभंग, एखादं नाट्यपद स्वतःच्या हाताने वाजवता आलं की भरून पावलो. आजवर कुठल्याच वाद्याला हात लावलेला नाही, पण कुणी बेसूर झालं की लगेच कळतं, एवढा कान आहे.

घरात मुलीचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड कपाटावर धूळ खातोय. मनात मात्र बासरी आहे. बायको म्हणते माउथऑर्गन घ्या, खिशात मावतो आणि गच्चीवर जाऊन वाजवता येतो (गच्चीवर यावर जोर). मित्र म्हणतो तबला. सिडकोतलं घर आहे, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच, हे ध्यानात घेऊन सांगा. काय घेऊ, आणि शिक्षक नसताना सुरुवात नेमकी कुठून करू?

फुंकर

बासरीचं मी सांगतो.

रामकुंडावर किंवा जत्रेत काठीला खोचून विकतात ती घेऊ नका. दिसायला झकास, पण भोकं अंदाजाने पाडलेली. सूर लागत नाही आणि आपण बिचारे समजतो की आपलंच चुकतंय. वाद्यांच्या दुकानात जाऊन सी किंवा जी मिडियम मागा आणि मोबाईलवर ट्यूनर चालू ठेवून दुकानदाराला वाजवायला लावा. मैफलीत दिसते ती लांबलचक 'ई बेस' अडीच फुटांच्या आसपास असते. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी हा मोठा बांबू शास्त्रीय संगीतात रूढ केला. ऐकायला स्वर्ग, पण भोकांमधलं अंतर एवढं की नवशिक्याची बोटं पुरतच नाहीत. तिचा मोह आत्ता टाळा.

सुरुवातीला बोटांचा विचारच करू नका. सगळी भोकं उघडी ठेवून नुसती फुंक. खालचा ओठ फुंकायच्या भोकाच्या कडेवर टेकवा, भोकाचा थोडा भाग ओठाने झाकला जाईल असा. ओठांमधून हवेची बारीक, चपटी धार निघाली पाहिजे आणि ती भोकाच्या समोरच्या कडेवर आपटली पाहिजे. कडेवर हवा दुभंगली तरच सूर निघतो, नाहीतर नुसतं 'फूऽऽ'. आरशासमोर उभं राहून बासरी पाव इंच आत-बाहेर फिरवत बसा. एकदम कुठेतरी सापडतो, आणि लगेच हरवतो. चक्कर आली तर घाबरू नका, आपण भसाभस हवा सोडत असतो म्हणून येते. थांबायचं, पाणी प्यायचं.

सूर टिकायला लागला की वरून एकेक भोक झाका. एक झाकलं की ग, दोन झाकली की रे, तीन झाकली की सा. त्याच्या खाली मंद्रात नि, ध, आणि सहाही झाकली की प. सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. घोळ सगळा शुद्ध मध्यमाचा, तिथे पहिलं भोक अर्धंच झाकावं लागतं. त्यामुळे बासरीवर तीव्र मध्यमाचा यमन शुद्ध मध्यमाच्या बिलावलच्या आधी हाताला बसतो! खालचे सूर फाटतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा अनामिकेखालून हवा गळत असते. बोटाचं टोक नको, पेराचा मांसल भाग टेकवा.

खिशातला_बाजा

वहिनींच्या मताला +१.

फक्त एक सांगतो. दुकानात जो दहा भोकांचा साधा माउथऑर्गन मिळतो त्यात खालच्या सप्तकात सगळे सूर नसतात. सी पट्टीचा घेतला तर खालच्या चार भोकांत फुंकून सा-ग-प-सा आणि ओढून रे-प-नि-रे मिळतात. म आणि ध गायब! पाश्चात्त्य लोकगीतांना साथ द्यायला ती मांडणी केलेली आहे. पूर्ण सप्तक चौथ्या भोकापासून सातव्यापर्यंत. माणूस पहिल्या भोकापासून सारेगम शोधतो, सापडत नाही, आणि बाजा ड्रॉवरमध्ये जातो. भावगीतं वाजवायची तर कोमल सूर लागणारच, म्हणजे बाजूला बटण असलेला क्रोमॅटिक. तो महाग असतो. पण राहुल देव बर्मन माउथऑर्गन वाजवायचे, तेव्हा वाद्याला कमी लेखू नका.

तिरकीट

तबला या एकाच वाद्याबद्दल माझं मत आहे: एकट्याने शिकू नका.

दायाँच्या (उजव्या हाताच्या तबल्याच्या) 'ना' या बोलाला तर्जनी चाटीवर (कडेच्या पट्टीवर) आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली. ती अनामिका किती टेकायची हे व्हिडिओत दिसतच नाही. जास्त दाबली तर आवाज मेला, उचलली तर नुसता गुंजत राहतो. एकदा चुकीचा हात बसला की तो मोडून काढणं म्हणजे शिक्षकाच्याही नाकी नऊ. शिवाय दायाँ एका ठरावीक सुरातच लागतो. शाईमुळे त्याच्यातून निव्वळ थप्पड नाही, नेमका स्वर निघतो. सी. व्ही. रामन यांना याचंच कुतूहल होतं आणि १९२० मध्ये त्यांनी यावर लिहिलंही. म्हणजे गाणाऱ्याची पट्टी बदलली की दुसरा तबला. आणि नाशिकच्या पावसाळ्यात पुडी (वरचं चामडं) ओल धरून उतरते, डिसेंबरात कडक होऊन चढते. हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसावं लागतं.

ताल मात्र प्रत्येकाने शिकावा, आणि त्याला वाद्य लागतच नाही. बोल तोंडाने म्हणा, हाताने टाळी द्या. केरवा आठ मात्रा: धा गे ना ती, न क धी न. दादरा सहा: धा धी ना, धा ती ना. भावगीतं-भजनं यातलं बरंचसं या दोनात बसतं. मग तीनताल, सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्याला खाली. कंपनीच्या बसमध्ये मांडीवर वाजवा. शेजारचा झोपलेला असतो.

पंचवटीकर

राग मानू नका मंडळी, पण हे सगळं पुस्तक वाचून गोदावरीत पोहायला उडी मारण्यासारखं चाललंय.

आपण कुठल्या गावात बोलतोय? विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात याच पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, इथे शिष्य शिकले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. त्या गावात 'शिक्षक नको, ॲप सांगा' असं विचारायचं? गुरू नुसते सूर दाखवत नाही, तुम्ही कुठे चुकता ते दाखवतो. मोबाईल दाखवेल का?

वाचनालयाचा_कट्टा

काका, उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. विष्णु दिगंबरांनी केलं काय? गाणं जेव्हा ठरावीक घराण्यांत, ठरावीक दारांआड होतं तेव्हा १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. स्वतःची स्वरलिपी बसवली आणि पुस्तकं छापली. कशासाठी? साध्या माणसाच्या हातात सूर पडावा म्हणूनच ना? भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचंही तेच. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, तिथे जाऊन संगीताच्या कपाटासमोर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि गोविंदराव टेंबे? पेटी बरीचशी स्वतःच शिकले.

पंचवटीकर

टेंबे स्वतः शिकले खरे, पण भास्करबुवा बखल्यांचं ऋण मानत होते, हे अर्धवट सोडू नका.

वाचनालयाचा_कट्टा

मान्य. पण त्यांनी आधी वाजवायला घेतलं, ऋण मागाहून फेडलं.

काळी_चार

मी इंदिरानगरची. शाळेतून निवृत्त झाल्यावर पेटी हातात घेतली. कारण अगदी व्यवहारी होतं. आमच्या महिला भजनी मंडळाला साथीला येणारे गृहस्थ स्वतःच्या सोयीने काळी एक या पट्टीला सा धरायचे. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाच. मग आम्ही खाली घोगऱ्या नाहीतर वर किंचाळणाऱ्या. दर एकादशीला हेच. शेवटी म्हटलं, आपणच बसू.

शिफ्टवाल्या दादांना सांगते, पेटीत अवघड बोटं नाहीत, भाता आहे. नवीन माणूस प्रत्येक सुराला एकदा भाता मारतो आणि गाणं उचकी लागल्यासारखं येतं. भाता पूर्ण मागे जाऊ द्यायचा नाही, थोडी हवा आत शिल्लक असतानाच पुन्हा भरायचा. उजव्या हाताने एकच सूर धरून ठेवा आणि डाव्या हाताने तो हलू न देता नुसता भाता चालवा. टीव्हीवर बातम्या लागलेल्या असताना मी हेच करायचे, आवाज बंद करून (बातम्यांचा).

पट्ट्यांचं गणित लिहून देते, मला हे कुणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं. मोजायचं डावीकडून: दोन काळ्यांची जोडी म्हणजे काळी एक-दोन, पुढच्या तिघी तीन-चार-पाच, आणि जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक. काळी चारमधून सारेगम वाजवायचं तर सा काळी चार, रे काळी पाच, ग पुढच्या सप्तकातली पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नि पांढरी पाच. पुरुषांच्या काळी एकमध्ये तर सा, रे, म, प, ध पाचही काळ्यांवर येतात, फक्त ग पांढरी चार आणि नि पांढरी एक. हाताला सोपं जातं. अंगठा मात्र काळीवर शक्यतो नको, हात वाकडा होतो.

अंबडची_शिफ्ट

ताई, हे सोनं आहे. वहीत उतरवून घेतलं. पण कीबोर्डवर 'ट्रान्सपोज'चं बटण आहे. ते दाबून सगळं पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजवलं तर काय बिघडलं? एवढी गणितं कशाला?

काळी_चार

बिघडत काहीच नाही. पण उद्या कुणाच्या घरी पेटी समोर आली की तिला बटण नसतं. (फिरत्या सुराची पेटी असते, पण ती वजनाला आणि पैशाला भारी.) काळी एक आणि काळी चार एवढ्या दोन पट्ट्या हातात बसवा, बाकीच्या विसरा.

सातपूरकर

कीबोर्ड कपाटावरून खाली काढायला कारण हवं असेल तर हे घ्या.

पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही, फक्त पाच काळ्या. काळी तीनला सा धरा आणि काळ्यांवरूनच वर जा: सा रे ग प ध. हा भूप. आता त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकला धरा: सा रे म प ध. झाला दुर्गा. काळी दोनला सा धरलात तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी. काळी चारवरून मधमाद सारंगाचे सूर. आणि काळी पाचवरून वाजवा, सावकाश, डाव्या हाताने काळी पाच दाबून ठेवून: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. मालकंस!

पट्ट्या त्याच पाच. फक्त 'घर' कुठलं ते बदललं. याला मूर्च्छना म्हणतात म्हणे, ते नाव मला फार नंतर कळलं. महत्त्वाची अट अशी की सा सतत कानात वाजत राहिला पाहिजे. तानपुऱ्याचं ॲप त्या-त्या पट्टीला लावा, नाहीतर पाचही सारखेच ऐकू येतील. यात चुकीची पट्टी नावाची गोष्टच नाही, काहीही वाजवा, सुरातच येतं. माझ्या पुतण्याला हे दाखवलं, तर पोरगं जेवायला उठेना.

पंचवटीकर

सुंदर लिहिलंत, पण एक दुरुस्ती. हे रागाचे सूर झाले, राग नाही. भूपाचे पाच सूर तेच देशकाराचे. भूपात गंधार वादी (रागातला मुख्य सूर), देशकारात धैवत. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. कुठे थांबायचं, कुठला सूर कसा घ्यायचा, यावर राग ठरतो. आणि बहुतेक कीबोर्डवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, कुठून काढणार?

सातपूरकर

काका, १००% मान्य. पण भूप आणि देशकार वेगळे हे कळायला आधी ते पाच सूर हाताखाली हवेत ना. दादांना मैफल करायची नाहीये.

पट्टीचा_ऐकणारा

पेटीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. मींड निघत नाही हा एक आक्षेप, आणि दुसरा तिच्या समान अंतराच्या सुरांचा. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, सेंटच्या हिशेबात (काळ्या धरून लागोपाठच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) सुमारे १४ ने. खरं-खोटं स्वतः करून बघा: तानपुरा ॲप लावा, ग नुसता गळ्यातून लावा, स्थिर झाला की कीबोर्डवर तोच ग दाबा. जरा चढलेला लागेल.

याचा अर्थ पेटी वाईट असा नाही. अर्थ एवढाच की कान तयार करायचा तो गळ्याने आणि तानपुऱ्याने, पट्टीने नव्हे. बासरीवाल्याचं तर त्याशिवाय चालतच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, शिक्षकाशिवाय सुरुवात कुठून. यूट्यूबवर 'या गाण्याची सरगम' असे व्हिडिओ ढिगाने आहेत. ते बघू नका. सा-रे-ग पाठ होतात, गाणं हाताला येत नाही, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा दुसरा व्हिडिओ. त्यापेक्षा चार ओळींचं साधं गाणं घ्या, लहानपणची आरती चालेल. गुणगुणा. धृपद जिथे संपतं, जिथे थांबलं की पोटात बरं वाटतं, तो सूर बहुतेकदा सा असतो. तो सूर तोंडात धरून ठेवा आणि कीबोर्डवर एकेक पट्टी दाबत तो शोधा. सापडला? तीच तुमची पट्टी, त्या गाण्यापुरती. आता गाण्याचा पहिला सूर सा-च्या वर की खाली? किती वर? म्हणून बघा, शोधा. पहिल्या ओळीला एक अख्खी संध्याकाळ जाईल. दुसऱ्या ओळीत अर्धे सूर ओळखीचे निघतील. आरतीचं तिसरं कडवं तर वेगळं शोधायला लागतच नाही, चाल तीच!

आणि काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, चूक दाखवणार कोण. मोबाईलवरच रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना जो सूर बरोबर वाटला होता तो दुसऱ्या दिवशी कानाला टोचतो. लय कुठे पळाली तेही कळतं. जवळजवळ सगळेच सोप्या जागी पळतात आणि अवघड जागी रेंगाळतात.

पंचवटीकर

हे पटलं. हातात पेन्सिल धरून ऐकावं, एवढी माझी भर.

जुन्या_नाशिकचा

एवढं सगळं वाचलं आणि नाशिकच्या धाग्यावर ढोल नाही? अरे काय चाललंय!

दादा, वाद्याला हात लावायचाय ना? गणपतीच्या आधी पथकांचे सराव सुरू होतात, चौकशी करा, नवीन माणसं घेतात. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, ढोल कमरेला. सारेगम नाही, काळी-पांढरी नाही. आणि एकटं बसून घड्याळ बघत रियाज करायची भानगडच नाही, शंभर माणसं एका ठोक्यावर आली की हात आपोआप पडतो. कमरेला पट्टा नीट बांधा आणि कानात बोळे घाला, त्यात लाज नाही.

अंबडची_शिफ्ट

ढोल आणि सामाईक भिंत? तुम्ही माझ्या शेजाऱ्यांना भेटलेले दिसत नाही.

सुरगाणेकर

धागा पहिल्यापासून वाचतोय. गुरू हवा की नको यावर शहरात वाद चाललाय याची गंमत वाटली. आमच्या डोंगराकडे तारपा, पावरी वाजवणाऱ्याला कुणी क्लासला घातलेलं नसतं, आणि तो 'स्वतः शिकलो' असंही म्हणत नाही. लहानपणापासून म्हाताऱ्याच्या शेजारी बसलेला असतो, एवढंच. तारप्याला वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या. नाच सुरू झाला की वाजवणाऱ्याने मध्ये श्वासाला थांबायचं नसतं. गालात हवा धरून नाकाने श्वास घेतात, फुंक तुटत नाही. हे कुणी 'शिकवत' नाही, आणि बघितल्याशिवाय येतही नाही.

मला म्हणायचंय ते असं. क्लास नको तर नको, पण वाजवणाऱ्या माणसांजवळ जाऊन बसा. नुसतं बसा. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात, तिथे पखवाजवाल्याच्या उजव्या हाताकडे तासभर बघा.

काळी_चार

सुरगाणेकर, मनातलं बोललात. पाडवा पहाटेला पिंपळपारावर मी गायकाकडे बघतच नाही, पेटीवाल्याची बोटं दिसतील अशी जागा धरते. त्यासाठी अंधारातच जाऊन बसावं लागतं.

निफाडची_थंडी

प्रश्न: माझं वय साठच्या पुढे, सकाळी बोटं आखडलेली असतात. गिटार घ्यावी का युकुलेले? नात म्हणते युकुलेले.

फुंकर

नातीचं ऐका. गिटारला सहा तारा, बहुतेक लोखंडी, सुरुवातीला बोटांची टोकं सोलवटून निघतात. युकुलेलेला नायलॉनच्या चारच तारा, सूर प-सा-ग-ध असे लावतात (सा म्हणजे सी धरला तर). सी कॉर्डला एकच बोट लागतं. मात्र ही वाद्यं गाण्याच्या साथीची, चाल वाजवण्यापेक्षा. तुम्ही गाणार आणि नात वाजवणार असाल तर उत्तम. सकाळी वाजवू नका, उन्हं वर आल्यावर, हात गरम पाण्यात बुडवून मग. सांधे सुजत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

अंबडची_शिफ्ट

अपडेट देतो, बरेच दिवस धागा वर आला नव्हता.

कीबोर्ड खाली आला. सातपूरकरांच्या पाच काळ्यांनी घात केला, दुसरी पाळी संपवून घरी आलो की हेडफोन लावून मालकंस. हेडफोन ही कीबोर्डची सगळ्यात मोठी सोय, भिंतीचा प्रश्नच मिटला. आरतीची चाल 'पट्टीचा_ऐकणारा' यांच्या पद्धतीने शोधली, आता दोन अभंग हाताखाली आहेत, काळी एकमधून, ट्रान्सपोज न वापरता. ताई, नोंद घ्या! बासरी पण घेतली, मिडियम. सूर निघतो, शुद्ध मध्यम अजून रुसलेला आहे. केरवा बसमध्ये चालू आहे. शेजारचा झोपत नाही, तोही वाजवतो.

आता नवीन दुखणं. कीबोर्डवर अभंग कोरडा वाटतो. सूर दाबला की दाबला, त्याला श्वास नाही. गंगापूर रोडला एका ओळखीच्यांकडे जुनी पेटी विकायला आहे, दुहेरी सुरांची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बघायला जाताना काय तपासू?

काळी_चार

सांगते. आधी पुढचे खुंटे सगळे आत ढकला, म्हणजे हवा बंद. भाता भरा आणि सोडा. कुठलीही पट्टी दाबू नका. भाता फुगलेला राहिला पाहिजे, लगेच चपटा झाला तर हवा गळतेय. कापडाच्या, चामड्याच्या घड्यांना गाल लावून बघा, गळती गालाला कळते.

मग खुंटे ओढा, भाता मारा, पट्टी अजूनही दाबायची नाही. काहीच बोलता कामा नये. एखादा सूर आपणहून रडायला लागला तर त्या पट्टीखाली कचरा आहे नाहीतर स्प्रिंग गेली. हे दुरुस्त होतं, पण भाव करायला उपयोगी.

मग प्रत्येक पट्टी, अगदी खालपासून वरपर्यंत, सावकाश. दुहेरी सुरात दोन आवाज एकत्र येतात. त्यात 'वँव-वँव' अशी लाट ऐकू आली तर दोघं आपसात जुळत नाहीत. चार-पाच पट्ट्यांना असेल तर जुळवून मिळतं. अर्ध्या पेटीला असेल तर नमस्कार करून निघा.

सातपूरकर

जुळवायचं काम स्वतः करायला जाऊ नका, यूट्यूब बघून तर नाहीच. सुराच्या पितळी जिभेला टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. ऐकायला सोपं, पण एक ओरखडा जास्त झाला की जीभ गेली. जिभांची विचारपूसही करा, गुजरातेतल्या पालीताण्याच्या असतील तर चांगलं.

पंचवटीकर

शिफ्टवाले, एकटे जाऊ नका. विकणाऱ्यासमोर अनोळखी माणसाला 'वँव-वँव' ऐकू येत नाही. या रविवारी मला वेळ आहे, मी येतो. पेटी पस्तीस वर्षं वाजवतोय.

अंबडची_शिफ्ट

काका, तुम्ही?! तुम्ही तर शिक्षक लावा म्हणत होतात.

पंचवटीकर

अजूनही म्हणतो. पेटी आधी चांगली घ्या, मग भांडू. रविवारी तुमची पाळी कुठली? पहिली असेल तर चारनंतर जाऊ. टॉर्च आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर बरोबर ठेवा, वरचं झाकण उघडून आत कसर लागलीय का ते बघायचंय. पैसे पहिल्या भेटीत नेऊ नका.